आधी समास, मग मजकूर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "बाई, भोरच्या कचेरीबाहेर जन्मभर टायपिंग केलंत. काय काय माणसं बघितली असतील. दिवाळी अंकाला लिहा की. जरा गमतीदार लिहा." गमतीदार हा शब्द त्यांनी फोन ठेवताना पुन्हा एकदा सांगितला. मी हो म्हटलं, हात धुतले, कॉम्प्युटर उघडला आणि सवयीने मजकुराच्या आधी कागद मांडायला बसले. डावीकडे दीड इंच समास सोडला. मग लक्षात आलं की हा लेख काही सुतळीने शिवून कुणाच्या फायलीत जायचा नाही. समास कमी केला. हाताला ते पटलं नाही, पण केला.

गमतीदार किती होईल, सांगता येत नाही. ज्या टेबलावर मी हे लिहिते आहे त्याच टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली, माझ्या भावाने ठेवलेला एक दस्त आहे. हक्कसोड पत्र. वरवे बुद्रुकच्या आमच्या वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडून देते आहे, असं त्यात लिहिलं आहे. सगळं तयार आहे, फक्त माझी सही व्हायची आहे. भाऊबीजेला येतो, तवर करून ठेव, असं सांगून तो गेला आहे. त्या कागदाकडे मी येईनच. पण आधी धंदा सांगते, कारण धंदा कळल्याशिवाय तो कागद अजून सहीशिवाय तांब्याखाली का पडून आहे, ते कळायचं नाही.

टायपिंग म्हणजे बोटं बडवणं, असा लोकांचा समज असतो. टाइपरायटर होता तोवर निदान आवाज तरी व्हायचा, त्यामुळे बाई काहीतरी करते आहे असं वाटायचं. कॉम्प्युटर आला आणि तीही किंमत गेली. बटण दाबलं की आलंच की बाहेर, त्यात तुमचं काय? असं तोंडावर म्हणणारी माणसं मी रोज बघितली. त्यांना घाई असायची आणि मी पहिलं अक्षर उमटवायच्या आधी बराच वेळ नुसती मांडणी करत बसायची. वेल्ह्याकडचे एक पाटील एकदा कंटाळून म्हणाले, "बाई, लिवताय का नुसतं सारवताय?" मी म्हटलं, "सारवल्याशिवाय पाट मांडत नाहीत, पाटील." ते हसले, पण पुढच्या खेपेला शेजारच्या गाळ्यातल्या टायपिस्टाकडे गेले.

या सारवण्यात काय काय असतं, ते सांगते. पहिला कागदाचा आकार. मशीन परमुलखातून आलेली, ती आखूड कागद धरून चालते. आमचा सरकारी कागद लांबडा. तो आधी सांगितला नाही तर शेवटच्या चार ओळी दुसऱ्या पानावर जाऊन पडतात. मग डावा समास, शिवणीसाठी. तो चुकला की पहिली अक्षरं सुतळीखाली दबतात आणि पुढे कोर्टात कुणीतरी फाइल उलटीपालटी करून वाचत बसतो. पहिल्या पानावर वर स्टॅम्पाचा छाप, म्हणून तेवढ्याच पानाला वरची जागा जास्त. हे झालं की मशीनचा शहाणपणा बंद करायचा. एकचा आकडा घालून टिंब दिलं की ती पुढच्या ओळीला आपणहून दोन घालते. गट नंबरांच्या यादीत असला आगाऊपणा चालत नाही. तिला वाटतं आपण मदत करतो आहोत.

आणि तांबड्या रेघा. मशीनला जो शब्द ठाऊक नाही त्याच्याखाली ती लाल नागमोडी रेघ ओढते. कामथडी, भोंगवली, वरवे, सगळ्यांच्या खाली रेघा. माणसांच्या नावांखाली रेघा. अख्खा तालुका तिच्या लेखी चुकीचा. एक म्हातारबाबा पडद्यावर आपलं नाव बघून पांढरेफटक पडले. "बाई, आमच्या नावाखाली तांबडी रेघ कशापायी? कर्जाचा बोजा चढलाय का?" त्यांना समजवायला चहा मागवावा लागला. त्या दिवसापासून त्या रेघा मी गिऱ्हाईक बसायच्या आधीच बंद करू लागले.

आता दोन गोष्टी सांगते त्या मशीनच्या पुस्तकात नाहीत. त्या मला तात्यांनी शिकवल्या. तात्या म्हणजे आमच्या शेजारी छत्री रोवून बसणारे म्हातारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज हाताने लिहून द्यायचे. कॉम्प्युटरला ते कधी शिवले नाहीत, पण माझा छापलेला प्रत्येक कागद चष्मा वर करून बघायचे. त्यांचं पहिलं सांगणं, सही कधी एकटी पानावर पडू द्यायची नाही. शेवटच्या पानावर नुसती सही असली की ते पान कुणीही उद्या दुसऱ्याच मजकुराला जोडतो. सहीच्या डोक्यावर मजकुराच्या निदान दोन ओळी पाहिजेत. दुसरं सांगणं मोकळ्या जागेबद्दल. "पोरी, कागदावर मोकळी जागा ठिवायची न्हाई. ऱ्हायली तर पट्टी लावून तिरपी रेघ मारायची. न्हाईतर हितं उद्या कोन काय बी घुसडंल. सहीची जागा तेवढी सोडायची. ती ज्याची त्यानं भरायची." हे दोन्ही मी मशीनच्या सेटिंगमध्ये बसवलं. सही मजकुराला बांधून टाकली, म्हणजे मजकूर पुढे सरकला तरी ती एकटी निसटायची नाही. रेघ मात्र हातानेच मारायची. ती मी शेवटपर्यंत हातानेच मारली.

या मांडणीचा मला अभिमान होता, तो लपवत नाही. एकदा दोघे भाऊ वाटणीपत्र करायला आले. जमीन सारखी वाटलेली, भांडण असं काही नव्हतंच. कागद छापून हातात दिला आणि धाकटा तो उलटसुलट करून बघत राहिला. म्हणाला, "त्याच्या वाट्याला चार वळी आन माझ्या वाट्याला तीनच?" मी सांगितलं, थोरल्याच्या जमिनीच्या चतुःसीमेत ओढा आहे, पाणंद आहे, म्हणून शब्द जास्त लागले. जमीन सारखीच आहे. त्याला ते पटेना. "घरी बायकू इचारंल, तुमच्या वाट्याला कमी का लिवलंय. तिला काय सांगू?" थोरला कपाळाला हात लावून बसला. मी धाकट्याच्या परिच्छेदातल्या अक्षरांमधलं अंतर किंचित वाढवलं. बघणाऱ्याला कळणार नाही इतकंच. तीन ओळींच्या चार झाल्या. त्याने बोट लावून मोजल्या आणि समाधानाने सही केली. एक वाटणी मोडता मोडता राहिली ती सेटिंगमुळे. आता हे कुणाला सांगायचं? दस्तावर सगळ्यांची नावं असतात. देणारा, घेणारा, साक्षीदार, ओळखदार, वकील. टाइप करणारीचं नसतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. रोज तेच तेच लिहायचं, म्हणून मी मशीनला खुणा शिकवल्या होत्या. दोन अक्षरं दाबायची, की अख्खा मजकूर उमटायचा. 'वब' दाबलं की मौजे वरवे बुद्रुक, तालुका भोर, जिल्हा पुणे. 'कम' दाबलं की कामथडी. तशा तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या खुणा माझ्याकडे होत्या. आणि एक खूण होती 'सख'. ती हक्कसोड पत्रासाठी.

हक्कसोड म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. वडील गेले की जमिनीला मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. कायदाच आहे. मग दोन-चार महिन्यांत भाऊ सगळ्या बहिणींना जीपमध्ये घालून भोरला आणतात. बहिणींच्या अंगावर नवी लुगडी असतात. कचेरीपुढच्या हॉटेलात त्यांना भजी खाऊ घालतात. आणि मग माझ्या टेबलासमोर बाकावर ओळीने बसवतात. जमिनीतला हक्क सोडला असं बहिणींनी लिहून द्यायचं असतं. वकिलांच्या मसुद्यात त्याला कोरडी ओळ होती. मला ती बरी वाटेना. मी नवी तयार केली. 'भावाबहिणींतील प्रेम व माहेरचा जिव्हाळा अखंड राहावा या हेतूने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, मी स्वखुशीने माझा संपूर्ण हक्क व हिस्सा कायमचा सोडून देत आहे.' लोकांना ती फार आवडली. "ते माहेराचं वाक्य घाला," असं भाऊ आपण होऊन सांगू लागले. मी छापील कागद वाचून दाखवायची तेव्हा त्या ओळीला बहिणी पदर डोळ्यांना लावायच्या. मला वाटायचं, वाक्य चांगलं जमलं आहे म्हणून.

सोनाबाई अशाच एका जीपमधून आल्या. हायवेच्या कडेचं गाव, नाव लिहीत नाही. भोंगवलीकडे दिल्या होत्या, नवऱ्याने टाकल्यावर माहेरी परत आल्या. भावांच्या घरात नाही, शेतातल्या विहिरीजवळ एका चपरीत, म्हणजे कुडाच्या झोपडीत राहायच्या. पुढ्यातल्या वाफ्यात मेथी, वांगी काढायची आणि नसरापूरच्या बाजारात नेऊन विकायची, असं त्यांचं चाललं होतं. इतर बहिणी बाकावर बसल्या. या मात्र स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि पडद्याकडे बघू लागल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, वाचता येत होतं.

मी कागद मांडला, नावं घातली, 'सख' दाबलं. वाक्य धबकन उतरलं. सोनाबाईंनी ते ओठ हलवत वाचलं.

"बाई, ह्ये कुनी सांगितलं तुमास्नी?"

"काय?"

"सोखुशीनं म्हून. म्या आजून तोंड उघडलं न्हाई. तुमच्या मशीनला आधीच कळलं व्हय?"

मागून थोरला भाऊ म्हणाला, "आक्के, ते लिवायचंच आसतं. सगळ्यांच्यात आसतं." मीही तेच म्हटलं. "ठरलेलं वाक्य असतं, मावशी."

"ठरिवलं कुनी?"

मी कागदाचा गठ्ठा नीट करू लागले. त्यांनीच पुढे बोलायला सुरुवात केली, आवाज न चढवता. "सोडायचं न्हाई आसं न्हाई माझं. भाव हायेत. त्यांची पोरंबाळं हायेत. पर हिरीजवळची माझी चपरी आन त्येच्या म्होरची वाफ्याची पट्टी, म्या मरुस्तवर माझ्याकडं. तेवढं लिवा."

मी लिहिलं. त्याला खूण नव्हती, अक्षर न् अक्षर बोटांनी लिहावं लागलं. मजकूर वाढल्याने सगळा कागद पुन्हा बसवला, सही एकटी पडू नये म्हणून वरच्या ओळी आवळल्या. छापून भावाच्या हातात दिला. त्याने वाचला. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो अगदी मऊपणाने म्हणाला, "बाई, घरातलं घरात बघू आमी. कागदावर कशाला? बहिनीला का आमी हाकलनार हाये?"

"मग लिहायला काय हरकत आहे?"

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि सगळ्यांना घेऊन शेजारच्या गाळ्यात गेला. माझं माहेराचं वाक्य तिथेही होतंच, शेजाऱ्याने माझ्याच एका दस्तावरून उतरवून घेतलं होतं. चपरीची ओळ मात्र तिथे नव्हती. स्टुलावरून उठताना सोनाबाई मला म्हणाल्या, "वाक्य लई ग्वाड हाय तुमचं, बाई. आयकनाऱ्याला." त्याच दुपारी त्या सही करून बाहेर आल्या. जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्या गाळ्याकडे बघितलं नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी मुलगी-जावयाबरोबर गाडीने पुण्याला जात होते. जावई म्हणाले, इथे एक हॉटेल झकास आहे, चुलीवरची भाकरी मिळते. हायवेच्या कडेला मोठं हॉटेल, दाराशी मुद्दाम बांधलेली गवताची खोपटी, आणि त्या खोपटीत काचेमागे एक बाई भाकऱ्या थापत बसलेली. गिऱ्हाइकांनी बघावं म्हणून. मी पुढे गेले तर बाई म्हणाली, "वळखलं का? मशीनवाल्या बाई ना तुमी?"

सोनाबाई होत्या. पीठ मळता मळता बोलत होत्या. "हितंच हिर व्हती आमची. बुजिवली. त्या गाड्या लावल्यात न्हवं, थितं. माझी चपरी व्हती थितं हात धुवायची बेसिनं हायेत." मी भावांचं विचारलं. "बरं हाय त्यांचं. पुन्याला घरं बांधली. दिवाळीला साडी धाडत्यात की." मग तव्यावरची भाकरी उलटून विचारलं, "तुमचं त्ये वाक्य चालतंय का आजून?"

मी म्हटलं, चालतं. त्यांनी मान हलवली आणि दुसरा उंडा हातात घेतला. माझ्या मुलीला खोपटी फार आवडली. जावयांनी सोनाबाईंचा भाकरी थापतानाचा फोटो काढला.

परत आल्यावर मी ते वाक्य काढून टाकलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. काढलं नाही. गिऱ्हाईक ते मागत होतं, मी दिलं नसतं तर शेजारी देत होता. एवढं केलं की 'सख' दाबायच्या आधी प्रत्येक बहिणीला विचारायला लागले, "मावशी, तुम्हाला काही वेगळं घालायचं आहे का?" बायका आधी भावाकडे बघायच्या, मग जमिनीकडे. भाऊ म्हणायचे, "घाला बाई, हाय तेच घाला." सोनाबाईंनंतर एकीनेही काही सांगितलं नाही. मला त्या सगळ्यांचा राग यायचा. बोलत का नाहीत म्हणून. बाहेरच्या खुर्चीवर बसून राग करायला काय लागतं?

मग सगळं ऑनलाइन झालं, स्टॅम्पाचे कागद गेले, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी गाळा सोडला. त्याच सुमाराला माझा भाचा निखिल, म्हणजे दत्ताचा मुलगा, नसरापूर फाट्यावर सेवा केंद्र घालत होता. दत्ता माझा एकुलता एक धाकटा भाऊ. निखिल माझ्याकडे आला. "आत्या, मशीन नवीन घेतली, पण तुमच्यासारखा कागद बसत नाही. तुमचं सेटिंग द्या ना." मला इतका आनंद झाला की विचारू नका. माझे समास, माझ्या खुणा, सहीची बांधणी, सगळं पेनड्राइव्हवर घालून त्याला दिलं. वर शेजारी बसून समजावून सांगितलं. पोर म्हणाला, "आत्या, हे सोनं आहे." या सबंध धंद्यात मला कुणी असं म्हटलं ते तेवढंच.

गेल्या वर्षी आमचे वडील वारले. जमिनीला दत्ताबरोबर माझं नाव लागलं. मी भोरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. नवरा तरुणपणीच गेला, मुलीच्या दारात राहायचं नाही हे माझं आधीपासून ठरलेलं आहे. वडिलांच्या दहाव्याला मी दत्ताला म्हटलं, "मला सगळं नको. रस्त्याकडची एक पट्टी ठेव. दोन खोल्या बांधीन आणि पडून राहीन." तो म्हणाला, "आगं ताई, तुझंच हाय की समदं." मी त्यावर विश्वास ठेवला. जन्मभर हे वाक्य दुसऱ्यांच्या तोंडी ऐकलेली मी, पण आपल्या भावाच्या तोंडून ते वेगळं ऐकू येतं.

नवरात्र संपलं आणि दोघं बापलेक आले. पेढे आणले होते, पिशवीत साडी होती. जमिनीला गोडाऊनवाला गिऱ्हाईक आला आहे, दिवाळीनंतर व्यवहार आहे, असं दत्ता बोलता बोलता म्हणाला. निखिलने पाकिटातून दस्त काढून माझ्यापुढे ठेवला.

मी आधी मजकूर वाचलाच नाही. कागद बघितला. डावीकडे दीड इंच समास. गावाचं नाव पुरतं, जसं मी 'वब'ला शिकवलं होतं तसं. ओळींचं अंतर बरोबर. शेवटच्या पानावर सही एकटी पडलेली नाही, डोक्यावर मजकुराच्या दोन ओळी. मनात म्हटलं, शाब्बास पोरा. आणि मग त्या दोन ओळी वाचल्या. भावाबहिणींतील प्रेम व माहेरचा जिव्हाळा. कोणाच्याही दडपणाखाली न येता. मी स्वखुशीने. त्याच्याखाली मोकळी जागा आणि त्या जागेखाली माझं नाव.

"निखिल, हे कुणी घातलं?"

"मी नाही आत्या. दोन अक्षरं दाबली की येतंच ना ते."

"दत्ता, मी हे अजून बोललेली नाही."

दत्ता हसला. वाईट हसला नाही, लहानपणी हसायचा तसाच हसला. "ताई, काय बोलतीस? वाक्य तर तुझंच हाय."

मी विचारलं, "आणि माझ्या पट्टीचं?"

"घरातलं घरात बघू की. कागदावर कशाला? तुला का मी वाऱ्यावर सोडनार हाय?"

सोनाबाईंच्या भावांना दत्ता आयुष्यात कधी भेटलेला नाही. तरी शब्द तेच होते. त्याच्याही आत कुणीतरी खूण बसवून ठेवली असावी. मी त्याला चहा दिला, चिवडा दिला. निखिलने खाली वाकून नमस्कार केला. जाताना दत्ता म्हणाला, "भाऊबीजेला येतो. तवर सही करून ठिव. ताट मातर पुरनाचं कर." साडी खुंटीवर तशीच आहे. मुलीला फोन केला तर म्हणाली, "आई, देऊन टाक ना. मामाशी वैर कशाला? माहेर तुटेल." तिला मी दोष देत नाही. माहेर तुटू नये म्हणून काय काय लिहून द्यावं लागतं, ते मीच लिहीत होते.

हा लेख लिहायला बसले तेव्हा सगळ्या खुणा बंद करून घेतल्या. म्हणून यातला प्रत्येक शब्द मी बोटांनी लिहिला आहे, गावांची नावंसुद्धा. 'सख' ही खूण माझ्या मशीनमधून आज कायमची काढली. त्याने काही होणार नाही, हे मला कळतं. शेजारच्या गाळ्यात ती आहे, निखिलकडे आहे, नसरापूरपासून भोरपर्यंत ज्यांच्याकडे माझा एखादा जुना दस्त गेला त्या सगळ्यांकडे आहे. पुढच्या सोमवारी कुणाची तरी बहीण बाकावर बसेल आणि तिने तोंड उघडायच्या आत ते वाक्य स्वखुशीने उमटेल.

संपादकांना एवढं पुरे होईल असं वाटतं. गमतीची म्हटली तर ती दोन भावांची गोष्ट आहे, चार ओळींची. ती हवी तर पुढे घ्यावी.

मघाशी तांब्या उचलला आणि दस्त काढला. पाण्याचं गोल कडं पडलं होतं, ते फडक्याने टिपलं. समास पुन्हा एकदा बघितले. कागदात बोट ठेवायला जागा नाही, इतका नीट झाला आहे. शेवटचं पान घेतलं. माझ्या नावाच्या वर सहीची जागा मोकळी होती. तात्या म्हणायचे, मोकळी जागा तशी सोडायची नाही, आणि सहीची जागा ज्याची त्याने भरायची. टेबलाच्या खणातून लाकडी पट्टी काढली, शाईचं पेन घेतलं, आणि त्या जागेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली. रेघ सरळ आली. वाळेपर्यंत कागद पंख्याखाली धरला आणि परत तांब्याखाली ठेवून दिला.

भाऊबीजेला पुरणाचं ताट करणार आहे. ओवाळणीचं तबकही काढून ठेवलं आहे. दत्ताने कागद बघितल्यावर पाटावर बसायचं की नाही, ते त्याने ठरवावं, स्वखुशीने.